घासण्याआधी पेटी वाचा

गेल्या अंकात जुन्या गाड्यांच्या हत्यारपेट्यांवर मी चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. माळ्यावरच्या, गोठ्यातल्या, भंगारवाल्याकडून शेवटच्या क्षणी सोडवून आणलेल्या पेट्यांचे फोटो बघताना दोन रात्री कशा गेल्या कळलं नाही. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून इतरांनाही उपयोग होईल असे प्रश्न निवडले आहेत. मी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना २४ वर्षं मोजमाप शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं बुधवार-रविवारचा पुण्याचा जुना बाजार पालथा घातला. त्या जोरावर लिहिते आहे.

साताऱ्याहून एक वाचक: आजोबांकडे युद्धातली जीप होती. तिची म्हणून एक हिरवी लोखंडी पेटी आमच्याकडे आहे, दीड फूट लांब, कडीकोयंड्याची. आत दोन पाने आहेत आणि त्यांवर वळणदार अक्षरांत ‘फोर्ड’ लिहिलंय. पेटी जीपचीच आहे हे कसं ठरवायचं?

पेटी आजोबांची आहे एवढं नक्की. पण जीपच्या कारखान्यातून ती आलेली नाही. युद्धातली जीप दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर बनवली, विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर जीप तयार झाल्या. या जीपला हत्यारांसाठी सुटी पेटी लागतच नव्हती. मागच्या चाकांच्या मागे, बॉडीच्या दोन्ही कोपऱ्यांत झाकणाचे कप्पे होते आणि हत्यारं कापडी पिशवीत घालून त्यात ठेवलेली असत. तेव्हा ‘जीपची ओरिजिनल पेटी’ म्हणून कुणी सुटा डबा विकायला आणला तर दोनदा विचार करा.

आता पाने. फोर्डने जीपच्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, आपलं ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. तुमच्या पान्यांवर अख्खं नाव आहे. असे पाने फोर्ड आपल्या मोटारींबरोबर जीपच्या कितीतरी आधीपासून देत होती. १९०८ ते १९२७ पर्यंत बनलेल्या मॉडेल टीच्या आणि नंतर मॉडेल एच्या हत्यारांतही ते सापडतात. म्हणजे नुसत्या ‘फोर्ड’ शब्दावरून जीप सिद्ध होत नाही. पाने पेटीत कुठून आले, घरात आणखी कुणाची फोर्ड होती का, हे थोरल्या मंडळींना विचारा.

हिरव्या रंगावरही लगेच विश्वास ठेवू नका. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या, त्यामुळे हिरवी जीप म्हणजे लष्करी जीप असं राहिलं नाही. पेटीवर किंवा पान्यावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण आणि शेजारी साल दिसलं, तर मात्र मला ताबडतोब कळवा. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे. साल स्पष्ट असेल तर त्या वस्तूपुरता प्रश्नच मिटला.

कोल्हापूरहून एक वाचक: पेटीत पाच पाने आहेत. तिनांवर १/४ डब्ल्यू, ५/१६ डब्ल्यू असे आकडे आहेत, पण मोजलं तर तोंड पाव इंचाच्या दुपटीहून मोठं भरतं. एकावर १/२ एएफ आणि एकावर १०–११ आहे. पेटी अँबॅसडरची म्हणून घेतली. आकडे चुकीचे छापलेत का?

आकडे बरोबर आहेत. हा प्रश्न मला वर्गात दर वर्षी यायचा. कोल्हापुरात यंत्रांच्या कारखान्यांचं उद्यमनगर असताना तो तिथून यावा याचं नवल वाटलं, पण आनंदही झाला, कारण पेटीचं वय सांगण्यात पान्याच्या आकड्याइतकं बोलकं दुसरं काही नाही.

आपल्या गॅरेजमध्ये ‘चार सुती पाना दे’ म्हटलं की अर्धा इंच तोंडाचा पाना हातात पडतो. तिथे आपण तोंड मोजतो. जुन्या इंग्रजी पद्धतीत पान्यावर तोंडाचं माप नसे, बोल्टच्या दांड्याची जाडी लिहीत. पाव इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टला जो पाना बसतो तो १/४ डब्ल्यू. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची सरकपट्टी, लावून बघा, तोंड ०.५२५ इंच म्हणजे १३.३ मिलिमीटर येईल. ५/१६ चं तोंड ०.६ इंच येईल, १५.२ मिलिमीटरच्या आसपास. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये हे आटे मांडले. १९०८ मध्ये त्याच आकाराचे बारीक आटे आले, ते बीएसएफ. बारीक आट्याच्या बोल्टचं डोकं एक माप लहान ठेवलं, म्हणून १/४ डब्ल्यूचा पाना ५/१६ बीएसएफला बसतो. कित्येक पान्यांवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात ते त्यामुळे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवण्यासाठी ब्रिटनने व्हिटवर्थ बोल्टची डोकीही एक माप लहान केली. तेव्हापासून ‘१/४’ असा आकडा असलेल्या पान्याचं तोंड कधी १३.३ भरतं, तर कधी ११.३. बाजारात दोन्ही सापडतात. मापाचा आकडा वाचून थांबू नका, तोंड मोजाच. एक खबरदारी मात्र सांगते. जुन्या पद्धतीचे आकडे बनवणाऱ्यांनी युद्धानंतरही चालू ठेवले, त्यामुळे एवढ्यावरून साल ठरवू नका.

साल ठरवायला एएफ कामी येतो. एएफ म्हणजे षटकोनी डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर. १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने एकच आटे मान्य केले आणि पुढच्या काही वर्षांत इंग्रजी मोटारी त्याकडे वळल्या. म्हणून इंग्रजी मोटारीच्या पेटीत सगळे पाने एएफचे असतील तर ती पेटी साधारण १९५० नंतरची, आणि सगळे व्हिटवर्थ असतील तर बहुधा त्याआधीची. मोटारसायकली वेगळ्या धराव्या लागतात. जुन्या बुलेटवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ बरीच वर्षं टिकले.

आता तुमची पेटी. अँबॅसडर १९५७ मध्ये आली, ती मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, म्हणजे तिचा पाना एएफचा. तुमच्या पाचांतला एकच तिच्या कामाचा आहे. तीन व्हिटवर्थ त्याआधीच्या कुठल्या तरी इंग्रजी गाडीचे किंवा मोटारसायकलचे असणार. १०–११ मिलिमीटरचा, आणि मिलिमीटर म्हटलं की मला आधी कुर्ल्याची फियाट आठवते. इटालियन गाडी असल्यामुळे ती पहिल्यापासून मिलिमीटरची. ही पेटी एका गाडीची नसून एका मेकॅनिकची आहे, आणि दुरुस्तीला जे जे आलं त्याचा एकेक पाना तिच्यात राहून गेलाय. विकणाऱ्याने अँबॅसडरची म्हणून पैसे घेतले असतील तर तो भाग मनाला लावून घेऊ नका. मी असती तर ती आहे तशीच ठेवली असती, पाचही पान्यांसकट.

बडोद्याहून एक वाचक: संस्थानच्या रोल्स-रॉईसची म्हणून एक सागवानी पेटी मला दाखवली आहे. पितळी कोपरे, आत पांढरे चकचकीत पाने आणि एक लांब प्लगचा पाना. एका पान्यावर ‘पेटंट’ आणि सहा आकडी नंबर आहे. खरी असेल का?

बडोद्याची गोष्ट ऐकली की मन आधी हो म्हणतं. म्हणूनच जरा थांबून बघायचं.

चकाकीपासून सुरू करा. पाना खिडकीशी धरा आणि त्यात पांढरा कागद पाहा. प्रतिबिंब किंचित पिवळसर, उबदार दिसलं तर मुलामा निकेलचा. निळसर आणि थंड दिसलं तर क्रोमचा. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास होऊ लागला, त्याआधी सगळं निकेल होतं. क्रोमचे पाने असलेली पेटी १९१२ ची म्हणून कुणी दाखवत असेल तर एक तर पाने बदलले आहेत किंवा गोष्ट बदलली आहे. स्टीलवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं कोरलेलं असेल तर आणखी अलीकडे या. हे शब्द पान्यांवर मुख्यतः १९३० च्या दशकापासून दिसायला लागतात.

आता सहा आकडी नंबर. ब्रिटिश पेटंटचे नंबर १९१५ पर्यंत दर वर्षी नव्याने एकपासून सुरू होत, त्यामुळे नंबरापुढे तिरकी रेघ आणि साल लिहीत. १९१६ पासून ते १,००,००१ पासून सलग चालू झाले. तुमचा नंबर ब्रिटिश असेल आणि सहा आकडी असेल, तर पाना १९१६ च्या आधीचा असूच शकत नाही. अमेरिकन पेटंटचा हिशेब वेगळा आहे. तिथे दहा लाखावा नंबर १९११ मध्ये, वीस लाखावा १९३५ मध्ये आणि तीस लाखावा १९६१ मध्ये दिला गेला. मात्र पेटंटचा नंबर कल्पना कधी नोंदली ते सांगतो, पाना कधी घडवला ते सांगत नाही. एकाच पेटंटवर वीस-वीस वर्षं पाने निघालेत. ‘याआधीचा नाही’ एवढाच त्याचा अर्थ घ्या.

प्लगचा पानाही मोजा. जुन्या मोटारींना १८ मिलिमीटर आट्याचे प्लग असत, १९३० च्या दशकात १४ मिलिमीटरचे रुळले. त्याप्रमाणे पान्याचं तोंड बदललं.

आणि पेटी? धावपट्टीवर, म्हणजे दाराखालच्या पायरीवर, हत्यारांची पेटी बसवण्याची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या मोटारींत खरोखरच होती. अशा पेटीच्या तळाला बोल्टची भोकं असतात. भोकांभोवतीचं लाकूड बोल्टच्या दाबाने दबलेलं आणि काळवंडलेलं असतं, आणि बाहेरच्या बाजूचा तळ आतल्यापेक्षा जास्त खाल्लेला असतो, कारण रस्त्यावरचं पाणी तिथेच उडायचं. तळ उलटा करून बघा. तो गुळगुळीत असेल तर ती पेटी गाडीवर कधी बसलीच नाही. रोल्सची हत्यारं तर बहुधा घडीव खाचांच्या ट्रेमध्ये येत, प्रत्येक हत्याराची खाच त्याच्याच आकाराची. खाच एका आकाराची आणि पाना दुसऱ्या, असं दिसलं तर नावाचे पैसे देऊ नका. पेटी आवडली असेल तर लाकडाचे आणि पितळेचे द्या.

मुंबईहून एक वाचक: वडिलांच्या पत्र्याच्या पेटीवर गाडीच्या विक्रेत्याची छोटी पाटी आहे, ‘बॉम्बे ७’ अशी. आत तपारियाची पक्कड आहे. पेटी कधीची?

पाटी पिनकोडच्या आधीची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि मुंबईचा जुना विभागाचा आकडा त्याच्या शेपटीला गेला. ‘बॉम्बे ७’ चं ४००००७ झालं, म्हणजे ग्रँट रोडचा भाग, जिथे मोटारवाल्यांची दुकानं होती. विक्रेत्यांनी जुन्या पाट्या आणखी दोन-तीन वर्षं वापरल्या असतील तेवढी सूट ठेवा. पक्कड मात्र नंतरची असू शकते. नाशिकला तपारियाची हत्यारं १९६९ पासून बनायला लागली. म्हणजे पेटी १९६० च्या दशकातली निघाली तरी पक्कड तिच्यात मागून आली असेल. पेटीचं साल वेगळं, आतल्या वस्तूचं वेगळं, आणि दोन्ही दोन ओळींत लिहून ठेवायची. मी माझ्या प्रत्येक पेटीत अशी चिठ्ठी ठेवते.

भारतीय हत्यारांवर आणखी दोन खुणा बघत जा. आयएसआयची मोहोर १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरच दिसू शकते. आणि मिलिमीटरची मापं आपल्याकडे १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली.

अकलूजहून एक शेतकरी वाचक: पेटीतल्या एका लांब पान्याच्या दांड्यावर इंचाच्या खुणा आहेत आणि ‘फर्ग्युसन’ असं नाव. खुणा कशासाठी?

हा पाना जपा. ग्रे फर्ग्युसन ट्रॅक्टर, टीई२०, इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५६ मध्ये बनला, आणि त्याच्याबरोबर हा पाना येत असे. नांगराची अवजारं लावताना अंतर मोजायला त्याच्या खुणा, आणि टाकीत बुडवून तेल किती उरलंय ते बघायलाही तोच. शेतात मोजपट्टी कोण शोधत बसणार, या विचाराने घडवलेली ही वस्तू आहे. मला अशी अक्कल कुठेही सापडली की फार समाधान वाटतं. खुणांवर कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका.

जर्मनीत राहणारी एक पुण्याची वाचक: इथल्या जुन्या बाजारात एक गोल लोखंडी पेटी मिळाली. झाकणावर हॅझेट. गोल कशाला?

कारण ती फोक्सवॅगन बीटलच्या स्टेपनीच्या मधल्या पोकळीत बसायची. हॅझेट ही रेमशाइडची हत्यारांची जुनी कंपनी, १८६८ पासूनची. बीटलला पुढच्या बॉनेटखाली स्टेपनी, आणि तिच्या मधोमध ही पेटी, म्हणजे सामानाची जागा अडायला नको. तीच युक्ती जग्वारनेही मार्क २ मध्ये वापरली. आतले पाने पाहा. ‘वेस्टर्न जर्मनी’ असं असेल तर १९४९ ते १९९० च्या मधले, ‘डीआरजीएम’ ही जर्मनीची जुनी नोंदणीची खूण असेल तर बहुधा महायुद्ध संपण्याच्या आधीचे, म्हणजे या पेटीचे नव्हेत. आता या पेट्यांच्या नव्या प्रती निघतात. आतला तळ बघा, पान्याच्या टोकांनी रंगावर ओरखडे आणि घासल्याच्या खुणा केल्यात का. चाळीस वर्षं गाडीत हादरलेल्या पेटीचा तळ कोरा राहत नाही.

अनेकांचा प्रश्न: पेटी गंजली आहे. ॲसिडने धुऊन पावडर कोटिंग करून घेऊ का?

नका. हात जोडून सांगते, नका.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली ती बेडफर्ड होती, आणि वडिलांचा हात बसला तोही बेडफर्डवरच. त्यांनी डेपोच्या लिलावात एक पेटी घेतली होती. राखाडी रंगाची, झाकणाला एका बाजूला पोचा. त्यात ते घरची हत्यारं ठेवत. ते गेल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मी ती बाहेर काढली, ड्रिलला वायर ब्रश लावला आणि तासाभरात पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासली. वर लाल प्रायमर, त्यावर चांगला रंग. मला वाटलं आपण वडिलांची आठवण नीट केली.

चार-पाच महिन्यांनी त्यांच्याबरोबर काम केलेले एक काका घरी आले. पेटी बघून म्हणाले, “झाकणाच्या आत पांढऱ्या रंगात गाडीचा नंबर होता गं, आणि तुझ्या बाबांनी खाली स्वतःचं नाव टाकलं होतं.” तो राखाडी थराखाली होता. काकांना नंबर आठवत नव्हता. कुणालाच आठवत नाही. जुने नंबर काय बोलतात हे मला माहीत आहे. एमएच आणि लगेच आरटीओचा आकडा म्हणजे १९८९ नंतरची गाडी, बी अक्षराने सुरू होणारा म्हणजे बहुतेक मुंबई राज्याच्या काळातली. एका ओळीत पेटीचं सगळं मिळालं असतं. आणि वडिलांचं अक्षर.

म्हणून आता मी असं करते. पेटी आधी कोरड्या ब्रशने झटकायची. मग मऊ फडक्याला किंचित रॉकेल लावून पुसायची, दाबायचं नाही. खाचांतला चिकट ग्रीस लाकडी काडीने काढायचा, लोखंडी टोकाने नाही. रंगाचे थर वाचायचे असतील तर न दिसणाऱ्या जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात, ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवायचा. थर झाडाच्या वर्तुळांसारखे उघडतात. मागच्या महिन्यात एका पेटीत लालखाली राखाडी, राखाडीखाली लष्करी हिरवा, आणि त्याच्याखाली पत्र्याला लागून एक काळा निघाला. काळा कारखान्याचा, बाकीचे तीन मालकांचे. जिथे थर बदलला तिथे थांबायचं आणि फोटो घ्यायचा. गंज वाढतोय असं वाटलं तर पातळ तेलाचा हात पुरेसा आहे.

झाकण स्पॉट वेल्डिंगने जोडलंय की रिव्हेटने, बिजागरी दांडीची आहे की पट्टीची, हेही लिहून ठेवा. हे नंतर कुठल्याही रंगाखाली झाकलं जातं.

माझ्या पेटीवर दोन अक्षरं वाचली. कडी आतून झाकणाला दोन रिव्हेटांनी बसवली होती आणि तिच्या पट्टीखाली वायर ब्रश पोचला नव्हता. गेल्या वर्षी रिव्हेट ढिले झाले तेव्हा पट्टी उचलली आणि पांढऱ्या रंगात ‘बी’ दिसला, पुढे ‘एम’ची अर्धी रेघ. तुमच्या पेटीवर ब्रश फिरला असेल तरी कडीच्या मागे, बिजागरीच्या पट्टीखाली आणि दुमडलेल्या कडेच्या आत एकदा टॉर्च मारून बघा. काही दिसलं तर फोटो उन्हात, तिरक्या उजेडात काढून पाठवा. सोबत ठेवायला पट्टी नसेल तर काड्यापेटी ठेवली तरी मला माप कळतं.